जेबीएल २४४१ च्या मागच्या झाकणातील फोम वितळला आहे. त्या जागी काय बसवावे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. साउंड भाड्याने देण्याचा धंदा आवरलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून जेबीएल २४४१ ड्रायव्हरची (हॉर्नच्या, म्हणजे कर्ण्याच्या मागे बसणाऱ्या ध्वनी काढणाऱ्या युनिटची) जोडी हॉर्नसकट घेतली आहे. चार इंची डायफ्राम (थरथरून आवाज काढणारा धातूचा पातळ पडदा), दोन इंची तोंड, अल्निको चुंबक आणि एकेका नगाचे वजन दहा-बारा किलो, असा हा ऐवज बरीच वर्षे पत्र्याच्या गोदामात पडून होता. एका ड्रायव्हरचा आवाज ठीक आहे. दुसऱ्यात गाण्यातील 'स' आणि 'श' किरकिरे येतात आणि मधूनच बारीक खरखर ऐकू येते.

खरखरणाऱ्या ड्रायव्हरचे मागचे झाकण उघडून पाहिले. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या फोमच्या चकतीचा काकवीसारखा तपकिरी, चिकट राप झाला आहे. त्याचे काही कण डायफ्रामच्या घुमटावर पडलेले आहेत, आणि कडेला, जिथे डायफ्रामची हिऱ्याच्या नक्षीची किनार आहे, तिथे एक थेंब चिकटून बसला आहे. बोट लावले तर तार सुटते आणि वास आंबूस येतो. दुसरा ड्रायव्हर मी अजून उघडलेला नाही, पण त्याची अवस्था वेगळी असेल असे वाटत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. हा फोम तिथे नेमका कशासाठी असतो, आणि तो काढून जागा तशीच रिकामी ठेवली तर काय बिघडते? नवीन बसवायचा असेल तर कोणत्या प्रकारचा आणि किती जाडीचा घ्यावा? शिवाय डायफ्रामवर पडलेला हा चिकटा डायफ्रामला धक्का न लावता कसा काढावा? आपल्याकडे या कामाची माहिती असणारा कारागीर सापडणे कठीण आहे, म्हणून इथे विचारतो आहे.

कर्णेवाला (अमळनेर)

गिरणाकाठ भाऊ, सर्वात आधी एक करा. उघडा ड्रायव्हर टेबलावर तसाच ठेवू नका. स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी वरून घालून दोऱ्याने बांधून टाका, कारण अल्निकोचे चुंबक खोलीतील लोखंडाची बारीक धूळ ओढून घेते आणि ती एकदा गॅपमध्ये, म्हणजे चुंबकाच्या ज्या अरुंद फटीत डायफ्रामला जोडलेली तारेची गुंडाळी (व्हॉइस कॉईल) हलते तिथे, गेली की काढता काढता नाकी नऊ येतात.

फोमबद्दल म्हणाल, तर माझे मत सरळ आहे. सगळा खरवडून काढा आणि काहीही न लावता झाकण बंद करा. जत्रेत, प्रचारात, लग्नात जे कर्णे वाजतात, त्यांतील कितीतरी युनिट मी उघडली आहेत. काहींत फेल्टची पातळ चकती असते, काहींत काहीच नसते, आणि दोन्ही वाजतात. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराच्या गोंगाटातूनही हरवलेल्या मुलाचे नाव स्पष्ट ऐकू येते ते अशाच युनिटमधून. कुजलेला फोम आत ठेवण्यापेक्षा मोकळे झाकण शंभर पटींनी चांगले.

पांझरा (धुळे)

कर्णेवाला दादांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. कुजलेला फोम काहीही करून बाहेर काढलाच पाहिजे. परंतु त्या जागी काहीच नको, हे घोषणेच्या कर्ण्याला लागू पडते, २४४१ ला तितकेसे नाही. ते का, हे थोडे सविस्तर लिहितो.

या ड्रायव्हरमध्ये डायफ्रामचा घुमट मागच्या बाजूला फुगलेला असतो. त्याच्या पुढच्या, खोलगट बाजूने निघणारा ध्वनी फेज प्लगच्या (डायफ्रामसमोर बसवलेल्या चिरा असलेल्या ठोकळ्याच्या) चिरांतून तोंडाकडे जातो. मागच्या बाजूनेही तितकाच ध्वनी निघतो, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. तो झाकणातील बंद हवेत कोंडला जातो. ही कोंडलेली हवा दोन गोष्टी करते. खालच्या पट्टीत ती स्प्रिंगसारखी वागते आणि ड्रायव्हरचा मूळ अनुनाद (ज्या सुराला तो आपसूक सर्वात जोरात थरथरतो तो) कुठे बसावा हे डायफ्रामच्या किनारीबरोबर तीही ठरवते. वरच्या पट्टीत मात्र ती स्प्रिंग राहत नाही, कारण तरंगाची लांबी झाकणाच्या मापाच्या जवळ येते आणि आत ध्वनी इकडून तिकडे आदळू लागतो.

साधा हिशेब करून पाहा. डायफ्राम आणि झाकण यांत २ सेंटिमीटर अंतर धरले, तर त्या दोन भिंतींमधला पहिला स्थिर तरंग ३४३ भागिले ०.०४, म्हणजे सुमारे ८,५७५ हर्ट्झला पडतो. आडव्या दिशेने पाहायचे, तर ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोल पोकळीत केंद्राभोवती सारखा पसरलेला पहिला तरंग सुमारे ४,२०० हर्ट्झला येतो. प्रत्यक्षात घुमटामुळे मध्यावर अंतर कमी आणि कडेला जास्त असते, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत आणि अनुनाद एका जागी न राहता थोडे पसरतात. तरीही ४ ते ९ किलोहर्ट्झचा हा पट्टा नेमका तोच आहे, जिथे आपल्याला 'स' आणि 'श' ऐकू येतात. (भुसावळच्या मे महिन्यात, ४२ अंशांत, ध्वनीचा वेग ३५६ मीटरच्या पुढे जातो आणि हे सगळे आकडे चार टक्क्यांनी वर सरकतात, पण त्यासाठी फोम बदलण्याची गरज नाही.)

फोमचे काम हे आदळणे शोषून घेण्याचे आहे. घोषणेचे युनिट पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर फारसे काही देतच नाही, म्हणून तिथे फोम असो वा नसो, फरक कळत नाही. २४४१ कडून आपण त्याच्या बरेच वर अपेक्षा ठेवतो.

जाडीचा प्रश्न याच हिशेबातून सुटतो. भिंतीला अगदी लागून असलेली हवा हलत नाही, तिथे फक्त दाब वरखाली होतो; आणि फोम शोषतो ती हवेची हालचाल. पहिल्या तरंगात ही हालचाल सर्वात जास्त पोकळीच्या मधोमध असते. म्हणून २ सेंटिमीटर पोकळीत भिंतीवर चिकटवलेला ३ मिलिमीटरचा थर जवळजवळ स्थिर हवेत बसून राहतो आणि त्याचा उपयोग थोडा होतो. तोच १० मिलिमीटरचा असेल तर मध्यापर्यंत पोहोचतो आणि खरे काम करतो. मात्र घुमटाच्या माथ्यापासून किमान तीन-चार मिलिमीटर मोकळे राहिलेच पाहिजेत. डायफ्रामला फोमचा स्पर्श झाला तर सगळेच मुसळ केरात.

केळीबाग (रावेर)

पांझरा सर, माहितीबद्दल आभार. एक बाळबोध प्रश्न विचारतो. आपल्या भागात सरकी काढलेल्या कापसाला तोटा नाही. फोमऐवजी पिंजलेला कापूस भरला तर तोही आवाज शोषेलच ना? घरच्या मोठ्या स्पीकरच्या पेटीत आम्ही तोच भरला आहे आणि तक्रार नाही.

पांझरा (धुळे)

शोषेल, आणि पेटीत त्याला हरकतही नाही. इथे अडचण वेगळी आहे. मोकळ्या कापसाचे तंतू सुटतात, आणि या ड्रायव्हरमध्ये व्हॉइस कॉईल ज्या गॅपमध्ये पुढेमागे हलते ती इतकी अरुंद असते की एक तंतूही खरखरीला पुरेसा ठरतो. घरच्या वूफरमध्ये कोन आणि स्पायडर (कॉईलला मधोमध धरून ठेवणारी कापडी चकती) आडवे येतात, इथे तसे संरक्षण नाही. दुसरी बाब ओलाव्याची. प्रमाणित हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, लोकर तर सुमारे १६ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे तंतूच वापरायचे असतील तर रजईत भरतात ते पॉलिएस्टर वाडिंग सर्वात निरुपद्रवी, तेही पातळ जाळीदार कापडाच्या आवरणात शिवून.

लोकरीच्या फेल्टचे काही चाहते आहेत आणि दाट फेल्ट तंतू सोडत नाही हे खरे, पण त्याला कसर लागते. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांना विचारा, ते याबद्दल पोटतिडकीने बोलतील.

भुसावळ जंक्शन

फोम कोणता घ्यावा याबद्दल लिहितो, कारण उत्पादनाशी माझा काही काळ संबंध होता आणि मूळ फोम का वितळला याचे उत्तरही त्यातच आहे.

बाजारात ज्याला आपण फोम किंवा स्पंज म्हणतो तो बहुतेक पॉलियुरेथेन असतो आणि त्याची दोन घराणी आहेत, पॉलिएस्टर आणि पॉलिइथर. पॉलिएस्टर घराण्याचा फोम बारीक, एकसारख्या छिद्रांचा आणि तेलाला दाद न देणारा असतो, म्हणून जुन्या उपकरणांत, कॅमेऱ्याच्या पेट्यांत आणि ध्वनिरोधक अस्तरांत तो आवडीने वापरला गेला. त्याचा शत्रू पाणी आहे. हवेतील ओलावा त्याच्या एस्टर बंधांना तोडतो, तुटताना आम्ल तयार होते, आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने घडवते. म्हणूनच हा फोम वर्षानुवर्षे ठीक दिसतो आणि मग थोड्या काळात एकदम चिकट होऊन बसतो. गिरणाकाठ भाऊंनी सांगितलेला आंबूस वास त्याच आम्लाचा आहे. त्यात पत्र्याचे गोदाम म्हणजे उन्हाळ्यात आतून भट्टी आणि पावसाळ्यात दमट कोठी. या प्रक्रियेला उष्णता आणि ओलावा दोन्ही हवे असतात आणि आपल्या खानदेशात ते आळीपाळीने भरपूर मिळतात.

पॉलिइथर फोम पाण्याला बऱ्यापैकी टिकतो. तो बिघडतो प्रकाशाने आणि हवेतील ऑक्सिजनने, आणि बिघडला की चिकट न होता कोरडा भुगा होतो. बंद झाकणात प्रकाश शिरतच नाही, म्हणून आपल्या कामाला तोच योग्य. सुदैवाने गाद्यांसाठी आणि सोफ्यांसाठी विकला जाणारा साधा फोम बहुतांशी पॉलिइथरच असतो, त्यामुळे परदेशातून काही मागवण्याची गरज नाही. धुळ्यात आग्रा रोडच्या बाजूला किंवा जळगावात कोणत्याही गादीवाल्याकडे '३२ डेन्सिटी' म्हणून मागा. ही संख्या म्हणजे एका घनमीटरचे किलोग्रॅममधील वजन. पॉलियुरेथेन घट्ट स्थितीत घनमीटरला सुमारे १,२०० किलो भरते, म्हणजे ३२ डेन्सिटीच्या फोममध्ये प्रत्यक्ष पदार्थ तीन टक्क्यांहून कमी आणि बाकी सगळी हवा. त्यामुळे फोम घातल्याने झाकणाच्या आतली हवा कमी होईल ही भीती मनातून काढून टाका.

घेताना एकच परीक्षा करा. तुकडा ओठांना लावून आरपार फुंकर मारा. फुंकर सहज गेली तर छिद्रे एकमेकांना जोडलेली आहेत आणि तो ध्वनी शोषेल. टीव्हीच्या खोक्यात येणारा पांढरा फोम किंवा योगासनांच्या चटईचा ईव्हीए यांतून फुंकर जात नाही. ते आत लावणे म्हणजे झाकणाला नुसती जाडी आणणे. आणि जुन्या साठ्यातील, पिवळा पडलेला तुकडा फुकट मिळाला तरी घेऊ नका.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, इतक्या तपशिलाची अपेक्षा नव्हती, मनापासून आभार. कर्णेवाला दादांच्या सूचनेप्रमाणे ड्रायव्हर पिशवीत बांधून ठेवला आहे. आता साफसफाईचे मार्गदर्शन हवे. झाकणाचे मी पाहून घेईन, पण डायफ्रामवरच्या कणांना हात लावायचे धाडस होत नाही. कॉईलच्या गॅपमध्ये काही गेले असेल तर तेही कसे ओळखावे? चुंबकाचा भाग खोलून साफ करावा, असे एका दुकानदाराने सुचवले आहे.

कर्णेवाला (अमळनेर)

चुंबकाचा भाग अजिबात खोलू नका. अल्निकोचा स्वभाव असा, की त्याचा चुंबकीय रस्ता एकदा उघडला की त्याची ताकद मोठ्या प्रमाणात उतरते, आणि पुन्हा जोडल्याने ती परत येत नाही. त्यासाठी मोठ्या यंत्रावर नव्याने चुंबकित करावे लागते. फेराइटच्या ड्रायव्हरमध्ये हा धोका इतका नसतो, पण तुमचा अल्निकोचा आहे. डायफ्राम काढणे वेगळे आणि चुंबक खोलणे वेगळे. डायफ्राम निर्धास्त काढता येतो.

आता क्रमाने सांगतो. जिथे ग्राइंडर किंवा कानस चालते अशा जागी हे काम करू नका. घरात, जेवणाच्या टेबलावर, पांढरा कागद पसरून करा. स्क्रू ड्रायव्हर पितळी किंवा चुंबकाला न लागणारा मिळाला तर उत्तम. साधा पोलादी असेल तर तो दोन्ही हातांनी धरा, कारण चुंबक तो हातातून हिसकावून घेते आणि त्याचे टोक नेमके डायफ्रामवर आदळते. स्क्रू काढण्याआधी डायफ्रामच्या कडीवर आणि खालच्या प्लेटवर पेन्सिलीने समोरासमोर एकेक रेघ ओढा, म्हणजे तो होता त्याच जागी परत बसेल. तारा कोणत्या टर्मिनलला होत्या त्याचा मोबाइलवर फोटो काढा. जुन्या जेबीएलची पोलॅरिटी बऱ्याचदा इतरांच्या उलटी असते, म्हणून 'लाल म्हणजे धन' हा आपला नेहमीचा अंदाज इथे चालवू नका. जशा होत्या तशाच जोडा.

डायफ्राम सरळ वर उचला, तिरका नको. तो उचलला की लगेच गॅपवर मास्किंग टेपची गोल पट्टी लावून ती बंद करा आणि मगच बाकीचे पाहा. घुमटावरचे सुटे कण मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने टिपा. जोर लावू नका. हे ॲल्युमिनियम खूप पातळ असते आणि एकदा पोचा पडला की तो पूर्ण निघत नाही. किनारीवरचा चिकट थेंब मात्र घासू नका. इअरबडला आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा नुसता ओलावा लावून त्या थेंबावर टेकवून ठेवा, तो मऊ झाला की टिपून घ्या, बड फेका, नवीन घ्या. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या सामानात हे अल्कोहोल मिळते. कॉईल ज्या ठिकाणी घुमटाला चिकटवलेली आहे तिथपर्यंत ते पोहोचू देऊ नका. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल यांचे नावही काढू नका, ते कॉईलचा डिंक सोडवतात.

गॅपसाठी जुनी युक्ती आहे. जाड कागदाची पट्टी कापून तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा आणि ती गॅपमध्ये घालून हळूहळू पूर्ण वर्तुळ फिरवा. टेप मळली की नवीन घ्या. शेवटची पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहायचे. फुंकर मारू नका, हवेच्या पंपानेही नको. कण बाहेर येण्याऐवजी फेज प्लगच्या मागे जाऊन बसतात.

झाकण ड्रायव्हरपासून दूर, दुसऱ्या खोलीत नेऊन साफ करा. लाकडी पट्टीने जाड थर खरवडा आणि उरलेला चिकटा अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. स्टील वूल, म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी, कदापि वापरू नका. तिचा एक तुकडा झाकणाच्या कोपऱ्यात राहिला तर झाकण बसवताक्षणी तो गॅपमध्ये जाऊन उभा राहतो.

सातपुडा (शहादा)

धागा वाचून माझ्याकडचे दोन २४२० उघडले आणि तीच कथा निघाली. हे एक इंची तोंडाचे, पावणेदोन इंची डायफ्रामचे लहान ड्रायव्हर आहेत. यातही १० मिलिमीटर फोमच बसवायचा का? आणि चिकटवण्यासाठी काय वापरावे? विचारण्याचे कारण असे, की पूर्वी एका दुरुस्तीवाल्याने माझ्या दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या झाकणात खिडक्यांना लावतात तसले, व्हिनेगरचा वास येणारे सिलिकॉन भरून फेल्ट चिकटवले होते. काही महिन्यांत टर्मिनलच्या आतल्या बाजूला हिरवट पावडर जमली आणि एक तार तुटली.

भुसावळ जंक्शन

तो व्हिनेगरचा वास खरोखरच ॲसिटिक आम्लाचा असतो. त्या प्रकारचे सिलिकॉन सुकताना ते सोडते आणि बंद डब्यात ते तांब्याला खाते. हिरवी पावडर ही तांब्याची गंजच आहे. सिलिकॉनच वापरायचे असेल तर न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले घ्या.

माझी पसंती मात्र चामड्याला आणि सनमायकाला लावतात त्या रबरी, पिवळ्या ॲडहेसिव्हला आहे. त्याचा अगदी पातळ हात फक्त झाकणाला द्या, फोमला लावू नका. फोमला लावले तर ते छिद्रांत शिरून सुकते आणि आपण विकत आणलेली छिद्रे आपणच बुजवतो. हात देऊन बोटाला चिकटेनासे झाले की फोम टेकवा. मग सर्वात महत्त्वाचे, झाकण उघडेच ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. त्यातील द्रावकाची वाफ बंद झाकणात कोंडली तर ती कॉईलच्या डिंकावर काम करते. नाक झाकणाला लावून वास घ्या. येत असेल तर थांबा.

पांझरा (धुळे)

२४२० साठी: जाडी ठोकळेबाज घेऊ नका, मोजून घ्या. झाकणाच्या आतली खोली आणि कडीच्या पातळीपासून घुमटाचा माथा किती वर येतो, ही दोन मापे घ्या. त्यांच्या वजाबाकीतून तीन मिलिमीटर सोडा, उरलेली ती मध्यावरची कमाल जाडी. माप घ्यायला प्लॅस्टिकचा व्हर्नियर वापरा, पोलादी तिथे नेऊ नका, आणि माथ्याला टेकवू नका, नजरेच्या रेषेत धरा. लहान ड्रायव्हरमध्ये पोकळी लहान, म्हणून तिचे अनुनादही वरच्या पट्टीत सरकतात आणि त्यांना पातळ थर पुरतो. कडेला जागा जास्त असल्याने तिथे फोमची एक कडी जादा चिकटवता येते. मध्याला एक थर, कडेला दोन.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

काम झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

डायफ्राम उचलल्यावर कळले की खरखर गॅपमध्येच होती. टेपच्या पहिल्या पट्टीवर तपकिरी ठिपके आणि त्यांना चिकटलेली काळी लोखंडी धूळ आली, दोन्ही एकत्र. चिकटा आधी गॅपच्या ओठावर बसला असावा आणि धूळ त्यात अडकली असावी. कॉईलच्या खालच्या कडेला एका जागी पॉलिश केल्यासारखी चमक दिसते, म्हणजे ती तिथे घासत होती. मात्र सपाट ॲल्युमिनियम पट्टीची गुंडाळी शाबूत आहे आणि मल्टिमीटरवर दोन्ही ड्रायव्हर सारखेच दाखवतात.

झाकण साफ केल्यावर लगेच फोम न लावता पांझरा सरांचा मुद्दा तपासायचे ठरवले. साउंड कार्ड, एक रोधक आणि आरईडब्ल्यू हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरून इम्पीडन्सचा (ड्रायव्हरचा विजेला होणारा विरोध प्रत्येक सुराला किती, याचा) आलेख तीन वेळा काढला. ड्रायव्हर हॉर्नवरच ठेवला, कारण हॉर्नशिवाय डायफ्रामवर हवेचा भार राहत नाही. पातळीही अगदी कमी ठेवली.

मोकळ्या झाकणाच्या आलेखात चार किलोहर्ट्झच्या थोडे वर एक आणि त्याच्या बऱ्याच वर दुसरा, असे दोन लहान पण टोकदार दात दिसतात. ३ मिलिमीटरचा फेल्ट लावल्यावर वरचा दात थोडा बोथट झाला आणि खालचा जवळपास तसाच राहिला. १० मिलिमीटरचा ३२ डेन्सिटी फोम आणि कडेला जादा कडी लावल्यावर दोन्ही दात रेषेत मिसळून गेले आणि मूळ अनुनादाचे शिखरही किंचित बुटके आणि रुंद झाले. कानाला विचाराल तर मोकळ्या झाकणाने गायिकेच्या आवाजावर एक पत्र्याची झाक येत होती, ती फोमने गेली. फेल्ट आणि मोकळे झाकण यांतला फरक मला कानाने सांगता येणार नाही.

कर्णेवाला (अमळनेर)

आलेख पाहिला. तुमच्या ड्रायव्हरपुरते माझे म्हणणे मागे घेतो, कर्ण्यापुरते घेत नाही. लग्नात नवरदेवाच्या घोड्यापुढे वाजणाऱ्या युनिटमध्ये फोम घालणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उघडण्याची सोय करणे होय.

एक राहिले. कॉईल बसवल्यावर घासते की नाही ते आलेखात दिसेलच असे नाही. ५०० ते २,००० हर्ट्झ असा साधा सूर हळूहळू वर नेत ऐका, कमी आवाजात, कान हॉर्नच्या बाजूला ठेवून, समोर नको. सूर स्वच्छ राहिला पाहिजे. मध्येच झिणझिण आली तर डायफ्रामचे स्क्रू अर्धा फेरा ढिले करून कडी केसभर सरकवा आणि पुन्हा ऐका. स्क्रू आवळताना एक घट्ट करून मग शेजारचा, असे न करता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. आणि चाचणी करताना ड्रायव्हरला मालिकेत २० मायक्रोफॅरडचा ध्रुवरहित कॅपॅसिटर लावून ठेवा. १६ ओहमला तो ५०० हर्ट्झच्या आसपास खालचे अडवतो, म्हणजे चुकून जोराचा ठोका गेला तरी डायफ्राम वाचतो.

केळीबाग (रावेर)

झाकण आणि कडी यांच्यामध्ये जी काळी रबरी चकती आहे ती माझ्या ड्रायव्हरमध्ये कडक होऊन तडकली आहे. ती नसली तर चालेल का? स्क्रूने झाकण तसेही घट्ट बसते.

पांझरा (धुळे)

चालणार नाही. मागची पोकळी हवाबंद असायला हवी. फट राहिली की हवेची स्प्रिंग सैल होते आणि खालच्या सुरांना फटीतून फुसफुस ऐकू येते. मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गॅस्केटची कॉर्क शीट मिळते, एक-दीड मिलिमीटर जाडीची. जुनी चकती कागदावर ठेवून तिचा आकार गिरवा आणि कात्रीने कापा. स्क्रूची भोके पोकळ पंचने पाडा, खिळ्याने पाडू नका, कारण खिळ्याने कॉर्कचा भुगा सुटतो आणि तो कुठे जातो हे वर वाचलेच आहे. तारा गॅस्केटखालून चिमटल्या जात नाहीत ना, हे झाकण दाबण्यापूर्वी एकदा टॉर्चने पाहून घ्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

माझ्याही दोन्ही गॅस्केट कडक झालेल्या आहेत, म्हणून कॉर्क शीट आणतोच आहे. दुसरा ड्रायव्हर काल उघडला. आवाज ठीक असूनही आतला फोम तितकाच चिकट होता, फक्त अजून गळायला लागला नव्हता. तो झाकण खाली येईल असा ठेवला गेला होता एवढाच त्याचा दैवयोग. कॉर्क बसवून झाले की त्याचाही आलेख याच धाग्यावर टाकतो. सातपुडा भाऊ, तुमच्या २४२० ची दोन्ही मापे इथे लिहाल तर कडेच्या कडीचा व्यास काढायला सोपे जाईल.